सात नंबरला शांत करून ठेव

आमच्या दवाखान्यात ‘शांत’ हा शब्द वापरायचा नाही. म्हणजे वापरायचा, पण एकाच कामासाठी. घोडा आता वाचत नाही, नुसते हाल उरलेत, असं मोठ्या डॉक्टरांनी ठरवलं की ते म्हणतात, ‘शांत करू या.’ मग काळी पट्टी लावलेली दोन मोठी इंजेक्शनं भरायची, मानेतल्या नळीतून द्यायची, आणि मिनिटभरात सगळं संपतं. मालकासमोर ‘मारू या’ असं म्हणायला कुणाची जीभ रेटत नाही, म्हणून फार वर्षांपूर्वी हा शब्द आला आणि ठाण मांडून बसला. तेव्हापासून आम्ही तो दुसरीकडे कुठे खर्च करत नाही. घोडा बिथरला तर त्याला ‘गुंगी’ देतो, ऑपरेशनच्या आधी ‘भूल’ देतो, कुणी गोंगाट केला तर ‘गप्प बसा’ म्हणतो. नवीन माणूस कामावर आला की पहिल्याच दिवशी मी त्याला बाजूला घेते. बाबा रे, इथे शांत म्हणजे एकच. माझ्याकडून वायरलेसवर हा शब्द आला तर उलटं विचारत बसायचं नाही. तू विचारत बसशील तेवढा वेळ ते जनावर सोसत बसेल.

सव्वीस वर्षं मी हे घोकून घेत आले. मी इथली मुख्य नर्स, सगळे मला सिस्टर म्हणतात, आणि माझ्या तोंडाला सगळे घाबरतात. घाबरावंच. सहाशे किलोचं जनावर अंगावर आलं की गोड बोलणारी माणसं उपयोगाची नसतात.

आमचे व्यवस्थापक साहेब मात्र गोड बोलण्यातले. वर्षापूर्वी आले. आधी कुठल्याशा हॉटेलात होते आणि मनाने अजून तिथेच आहेत. लोकांना दवाखाना आतून दाखवायचा, ही टूम त्यांची. बारा-बारा लोकांचे चार गट, दर गटाला तासभर, आणि सगळं दाखवणार कोण, तर मी. आदल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात चार पानं ठेवली, कुठे काय बोलायचं ते. मी वाचली आणि तिसऱ्या पानावर अडले.

“साहेब, इथे ‘शांत करणारं औषध’ लिहिलंय. आम्ही गुंगी म्हणतो.”

“गुंगी म्हटलं की लोकांना गुत्त्यात आल्यासारखं वाटेल, सिस्टर. शांत किती छान शब्द आहे.”

“आमच्यात त्याचा अर्थ वेगळा होतो.”

“पण लोकांमध्ये नाही ना होत? उद्याचा दिवस लोकांचा आहे.”

एरवी मी त्यांना त्या चार पानांचं विमान करून दिलं असतं. पण त्या दिवशी माझं सगळं लक्ष सात नंबरकडे होतं. मी मान हलवली आणि पानं खिशात कोंबली.

सात नंबरच्या ठाणात बटण होती. माझ्या धाकट्या भावाची घोडी. तपकिरी अंग, कपाळावर शर्टाच्या बटणाएवढा पांढरा ठिपका, म्हणून बटण. खरं तर ती माझ्या भावजयीची. तिने दोन वर्षांची असताना आणली, शिकवली, तिच्यावर बसवून गावातल्या निम्म्या मुलांना घोडेस्वारी शिकवली. भावजय जाऊन दोन वर्षं झाली. तेव्हापासून माझा भाऊ माणसांशी कामापुरतं बोलतो आणि उरलेलं सगळं बटणशी. लहानपणी तो गोल गरगरीत होता म्हणून आम्ही त्याला ढब्बू म्हणायचो. आता गालफडं बसली, पन्नाशी आली, तरी माझ्या तोंडात ढब्बूच.

दोन दिवसांपूर्वी बटणच्या आतड्याला पीळ पडला. मोठ्या डॉक्टरांनी पोट उघडून पीळ सोडवला. घोड्याच्या पोटाचं ऑपरेशन म्हणजे पुढचे तीन दिवस कुणी काही सांगू शकत नाही. आतडं पुन्हा चाललं तर घोडा जगतो, नाही चाललं तर कळा सुरू होतात, आणि मग एकच वाट राहते. त्या वाटेचा कागद मालकाकडून आधीच सही करून घेतात. ढब्बूकडून मीच घेतला. पेन त्याच्या हातात दिलं तेव्हा त्याने विचारलं, “ताई, तू असशील ना तिच्याजवळ?” मी म्हटलं, असेन. त्याने सही केली.

मालकांना वॉर्डात यायला आमच्याकडे बंदी आहे. मालक दिसला की घोडा उठायची, खिंकाळायची, ओढायची धडपड करतो आणि टाके तुटतात. नियम मीच कडक पाळते, तेव्हा भावासाठी कुठल्या तोंडाने मोडू? पण चौथ्या गटाची यादी हातात आली आणि अकराव्या नावाशी मी थांबले. पठ्ठ्याने पाहुणा म्हणून नाव नोंदवलं होतं. फाटकाशी बाकीच्यांबरोबर उभा, इस्त्रीचा शर्ट, हातात काही नाही. माझ्याकडे बघितलं आणि लगेच दुसरीकडे, जसं काही आम्ही ओळखतच नाही. मला हसू आलं आणि वाईटही वाटलं.

“फेरीत सात नंबर आहे ना?” त्याने जवळून जाताना पुटपुटत विचारलं.

“शेवटी आहे. लांबून बघायचं. आवाज द्यायचा नाही.”

“नाही देत.”

सगळ्यांचे फोन फाटकाशी टोपलीत जमा करून घेतले. माझा कपाटात होता. मग मी त्यांना आत घेतलं.

सकाळच्या पहिल्या गटात माझी जीभ त्या शब्दाला अडखळली होती. दुसऱ्या गटात मी पानात बघून म्हटला. तिसऱ्यात न बघता. चौथ्यात तर मी काय बोलतेय हे माझं मलाच ऐकू येत नव्हतं. वजनकाट्याशी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी विचारलं, एवढा मोठा प्राणी हलत नाही कसा? मी म्हटलं, “आधी शांत करून घेतो.” एक्स-रेच्या खोलीत पुन्हा तेच. नालबंदाच्या खोलीत नालबंदाने माझ्याकडे डोळे मोठे करून पाहिलं. मी त्याला खुणेनेच सांगितलं, साहेबांची पानं. त्याने कपाळाला हात लावला. आम्ही दोघं हसलो. त्या हसण्याची मला नंतर किती लाज वाटली ते कुणाला सांगू.

या गटात एक मफलरवाली बाई होती. साठीची, राखाडी मफलर गळ्याभोवती तीन वेढे, मऊ लोकरीचा. ती कुणाशी बोलत नव्हती आणि प्रत्येक खिडकीत वाकून बघत होती. ऑपरेशन थिएटरच्या काचेशी आलो तेव्हा आतलं ऑपरेशन नुकतंच संपलं होतं. भुरा घोडा, चारही पाय बांधून यारीला उलटा टांगलेला, बाजूच्या खोलीत सरकत चालला होता. पाहुण्यांनी श्वास रोखले. ती बाई काचेला हात टेकून म्हणाली, “बोका.”

“काय म्हणालात?”

“बोका. माझा घोडा. त्याची आई मेली म्हणून मी त्याला बाटलीने दूध पाजून वाढवला. मग तो सगळ्यांचंच दूध चोरायला लागला, म्हणून बोका.” तिने माझ्याकडे वळून बघितलं. “मला आत येऊ देत नाहीत ना. म्हणून नाव नोंदवलं. रागवू नका.”

मी ढब्बूकडे पाहिलं. ढब्बू जमिनीकडे बघत होता.

“रागवत नाही,” मी म्हटलं. “पाय मोडला होता ना? तीन स्क्रू बसवलेत. ऑपरेशन छान झालं.”

“मग वाचला?”

आता हे तिला कसं सांगायचं? माणसाचं ऑपरेशन झालं की धोका टळतो. घोड्याचा धोका तेव्हा सुरू होतो. भूल उतरली की घोडा उठायला बघतो, कारण आडव्या पडलेल्या घोड्याला कुणीतरी खाणार असं त्याच्या रक्तात लिहिलंय. अर्धवट शुद्धीत उठतो, धडपडतो, आणि नुकताच जोडलेला पाय पुन्हा मोडून घेतो. म्हणून आमच्याकडे उठायची खोली आहे. भिंतींना माणसाच्या उंचीपेक्षा वर गाद्या, खाली जाड रबर, जवळजवळ अंधार. घोड्याच्या कानात कापूस, डोळ्यांवर टॉवेल. डोक्याला एक दोर, शेपटीला एक दोर, दोन्ही भिंतीतल्या कड्यांतून बाहेर. एका दोरावर मोठे डॉक्टर, दुसऱ्यावर आमचा दोरवाला. तो उठेल तेव्हा त्याला सावरायचं, बस. बाकी सगळं त्याच्या हातात, आणि आवाज न होण्यावर.

मी बाईला एवढंच म्हटलं, “नीट उठला की वाचला. तुम्ही आवाज करू नका, काही होणार नाही.”

“मी श्वासही घेणार नाही,” ती म्हणाली.

उठायच्या खोलीला एक छोटी गॅलरी आहे. काळ्या काचेतून आत दिसतं, आतून बाहेर दिसत नाही. गॅलरीला एकच लोखंडी दार, अंगणात उघडणारं. त्याचा अडसर स्प्रिंगचा. कितीही हळू सरकवा, शेवटच्या बोटभर अंतरात तो हातातून निसटतो आणि ठाण्णकन आपटतो. या अडसराबद्दल मी तीन अर्ज दिलेत. साहेबांनी त्याऐवजी फाटकाशी कुंड्या ठेवल्या. म्हणून दारावर लाल दिवा लागला की आतल्याने आतच राहायचं आणि बाहेरच्याने बाहेरच, असा नियम आहे.

दाराशी पोचतो न पोचतो तोच माझ्या कमरेचा वायरलेस खरखरला. वॉर्डातून छोटे डॉक्टर बोलत होते. तीन महिन्यांपूर्वी कामावर आलेला मुलगा, हुशार, पापभिरू, मी सांगितलेलं शब्दन् शब्द वहीत लिहून ठेवणारा.

“सिस्टर, सात नंबर पाय आपटतेय. सारखी. थांबतच नाही.”

पाय आपटणं म्हणजे कळा असू शकतात. “नाडी?”

“जरा वाढलीय. मोठे डॉक्टर आत आहेत, त्यांना विचारता येत नाही. काय करू?”

मागे बारा माणसं उभी. आत बोका सरकवून झालेला, दिवा कुठल्याही क्षणी लाल होणार. मी विचार केला, आधी तिची धडपड थांबू दे, टाके वाचू देत, मोठे डॉक्टर बाहेर आले की बघतील. आणि बोलले,

“सात नंबरला शांत करून ठेव. मी आलेच.”

क्षणभर नुसती खरखर. मग तो म्हणाला, “बरं, सिस्टर,” आणि त्याचा आवाज अगदी बारीक झाला होता. तेव्हा मला वाटलं, बॅटरी उतरली असेल. मी वायरलेस बंद केला, सगळ्यांना आत घेतलं, अडसर लावला. दिवा लाल झाला.

गॅलरीत अंधार. काचेपलीकडे बोका कुशीवर पडलेला, पोट वरखाली होतंय. ढब्बू मुद्दाम माझ्या शेजारी येऊन उभा राहिला आणि कानाशी कुजबुजला, “सात नंबर म्हणजे बटण ना? पाय आपटतेय?”

“हो. काळजी करू नकोस.”

“उजवा? तीनदा, मग थांबून परत तीनदा?”

“मला काय माहीत.”

“ताई, ती भूक लागली की असं करते. खायला मागते.” त्याचा कुजबुजता आवाज थरथरत होता, आनंदाने. “भूक लागली म्हणजे आतडं चाललं ना गं?”

मी त्याचा हात दाबला. खरंच तसं असेल तर घोडी वाचली. माझे डोळे भरून आले. मग मागे कुणीतरी खोकायला लागलं म्हणून मी वळले, ओठांवर बोट ठेवलं आणि हळू म्हटलं, “शांत राहा.”

आणि तो शब्द मला ऐकू आला.

सव्वीस वर्षांत मी कुणाला शांत राहा म्हटलं नव्हतं. गप्प म्हणते. चूप म्हणते. मी तो शब्द तोंडात धरून उभी राहिले आणि दोन-तीन मिनिटांपूर्वीचं माझंच वाक्य परत माझ्या कानावर आलं. सात नंबरला शांत करून ठेव. साहेबांच्या पानातलं नव्हे. वॉर्डातल्या कानांनी ऐकलेलं. कागदावर ढब्बूची सही आहे. घोडी पाय आपटतेय, नाडी वाढलीय. हा निरोप नेहमी माझ्याच तोंडून जातो. आणि त्या पोराला मीच सांगून ठेवलंय, विचारत बसायचं नाही.

भिंतीवरच्या घड्याळात मी हिशेब केला. फाइलमधला कागद बघायचा, दोन मिनिटं. कुलपातलं औषध काढायचं, नोंदवहीत लिहायचं, तीन. दोन मोठी इंजेक्शनं भरायची, पट्टी लावायची, अजून तीन. ठाणापर्यंत चालत जायचं. दहा मिनिटं, फार तर बारा. त्यातली तीन गेली होती.

वायरलेस चालू करावा, तर चालू होताना तो किंचाळतो, काचेपलीकडे सहज जाईल असा. फोन कपाटात. मोठे डॉक्टर काचेच्या पलीकडे, पण त्यांना मी दिसत नाही, आणि त्यांची नजर घोड्यावरून हलणार नाही. राहिलं ते दार.

बोक्याने कान हलवला. मग मान उचलली, टाकली, परत उचलली. मफलरवालीने दोन्ही हात तोंडावर धरले. उठ रे बाबा, मी मनात म्हणत होते, उठ लवकर, एकदा उभा राहा आणि माझी सुटका कर. काही घोडे दहा मिनिटांत उठतात, काहींना तास लागतो. बोका छातीवर आला आणि तसाच बसून राहिला, पाय पोटाखाली घेऊन, डोकं हलवत. मोठे डॉक्टर दोर धरून पुतळ्यासारखे उभे.

पाच मिनिटं. सहा.

मी काय करायला हवं होतं ते मला पक्कं ठाऊक होतं. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर मी क्षणाचा विलंब न लावता सांगितलं असतं, की लाल दिव्यात दार उघडायचं नाही, बाहेर आभाळ कोसळो. पण ढब्बू माझ्या शेजारी उभा होता. अंधारात त्याचे ओठ हलत होते. तो बटणशी बोलत होता. त्याला माहीतही नव्हतं की मी तिला काय केलंय.

सात.

मी बाईकडे गेले, तिच्या मफलरला हात लावला आणि खुणेने मागितला. तिने काही विचारलं नाही. भराभर तिन्ही वेढे सोडून माझ्या हातात दिला. तिला वाटलं असेल, तिच्या बोक्यासाठीच काहीतरी हवंय. मी दाराशी गेले, मफलर अडसराभोवती घट्ट गुंडाळला आणि दोन्ही हातांनी तो सरकवू लागले. केसाकेसाने. मागे कुणीतरी आ वासल्याचं मला जाणवलं. म्हातारे गृहस्थ पुटपुटले, “अहो, दिवा…” मी थांबले नाही. अर्धा अडसर सरकला. पाऊण सरकला. मी काचेकडे पाहिलं. बोक्याने पुढचे दोन पाय बाहेर काढून टेकवले होते, आणि अंग गोळा करत होता. आता थांब, मी मला म्हटलं. एक मिनिट थांब. हा उठू दे.

घड्याळात आठ झाले आणि मी ओढला.

मफलरमधूनही तो आपटला. दार उघडलं आणि दुपारचं ऊन सगळ्या गॅलरीत, काचेवर, काचेपलीकडे घुसलं. मी मागे बघितलं नाही. हे मी अभिमानाने सांगत नाही. मला बघायचं नव्हतं म्हणून बघितलं नाही. मी धावत सुटले आणि ढब्बू माझ्या मागे धावला, काय झालं, ताई, काय झालं, असं ओरडत.

अंगण ओलांडलं, चारा ठेवायची खोली मागे टाकली, वॉर्डात शिरले. सात नंबरचं दार उघडं होतं. छोटे डॉक्टर बटणच्या मानेशी उभे. एक इंजेक्शन मांडीशी धरलेलं, दुसरं नळीला जोडलेलं, अंगठा दट्ट्यावर.

“थांब!” मी ओरडले. “हात काढ! काढ हात!”

त्याने एकदम हात काढला. नळी चिमटली, इंजेक्शन सोडवलं, सगळं बरोबर केलं. बटण त्याची बाही चघळत होती.

“तुम्हीच म्हणालात, सिस्टर. शांत करून ठेव म्हणालात.”

“मला गुंगी म्हणायचं होतं.”

“पण तुम्ही…”

“माहितीय मी काय म्हटलं! तुला विचारता येत नाही का? तोंडाला कुलूप आहे का तुझ्या? एवढं मोठं काम, एक शब्द विचारायचा नाही माणसाने?”

त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. “माझं आधीच भरून झालं होतं,” तो म्हणाला. “मी तिच्याशी दोन मिनिटं बोलत बसलो. नियम मोडला मी. ती माझ्या खिशात तोंड घालत होती, मला होईना.”

ढब्बूला तेव्हा कळलं. तो ठाणात शिरला, बटणच्या मानेला मिठी मारली आणि कपाळ तिच्या कपाळावरच्या ठिपक्याला टेकवलं. तिच्या नाकपुड्या फुरफुरल्या. मी तिच्या पोटाला कान लावला. आत गडगड चालू होती, भरल्या घरासारखी. आतडं चाललं होतं. घोडी वाचली होती.

“ताई,” ढब्बू रडत, हसत म्हणाला, “तू होतीस म्हणून.”

माझ्या हातात मफलर होता. त्याला अडसराचं काळं वंगण लागलं होतं, आणि मी तो मुठीत धरून तशीच उभी होते.

पहिला आवाज तेव्हा आला. उठायच्या खोलीच्या बाजूने. गादीवर काहीतरी फार जड आदळल्याचा. मग पुन्हा. मग पुन्हा, जास्त घाईने. वॉर्डातले सगळे घोडे चारा खायचे थांबले आणि सगळ्यांचे कान त्या बाजूला वळले. बटणचेसुद्धा. पाचव्या का सहाव्या आवाजानंतर एक बाई ओरडली. शब्द नव्हता, नुसतं ओरडणं.

मग काहीच नाही.

छोट्या डॉक्टरांच्या खांद्यावरचा वायरलेस खरखरला. मोठे डॉक्टर दमलेले वाटत होते, धाप लागलेले. “सिस्टर कुठे आहेत? त्यांना सांग, बोक्याचा पाय गेला. स्क्रूच्या वर, आरपार. लगेच इकडे या. शांत करायचं आहे.”

ढब्बूने मान वर केली. त्याने माझ्याकडे, मग मफलरकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. तो गॅलरीत माझ्या शेजारी उभा होता. ते दार कुणासाठी उघडलं ते त्याला आता सांगायची गरज नव्हती.

छोट्या डॉक्टरांनी हातातल्या दोन इंजेक्शनांकडे बघितलं. काळी पट्टी लावलेली, काठोकाठ भरलेली. वेगळं काही भरायला नको होतं. तो दोन पावलं चालला आणि थांबला. मी शिकवलेलं सगळं वहीत लिहून ठेवणारा मुलगा. नवीन धडाही त्याने लगेच लिहून घेतला होता.

“सिस्टर,” त्याने विचारलं, “शांत म्हणजे… नक्की काय करायचं?”

अंगणातून ती बाई येत होती. गळा उघडा, हात पुढे केलेले, मला शोधत. सव्वीस वर्षांत मी तो दुसरा शब्द या आवारात उच्चारला नव्हता.

“मारायचं,” मी म्हटलं. “त्याला मारायचं आहे. चल.”

मागे बटणने उजवा पाय आपटला. तीनदा. थांबली, आणि परत तीनदा. तिला भूक लागली होती.